पाठीवर चिकटवलेलं गवत

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातून वांगं हद्दपार झालं. त्याच्या मागोमाग शेंगदाणे गेले, कोळंबी गेली, अंडी गेली. शेवटी आईने पोह्यांवर लिंबू पिळणंही बंद केलं. या सगळ्याला कारण होता फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद. बाबांच्या रक्ततपासणीचा अहवाल. दीडशेच्या वर पदार्थांची यादी आणि त्यातल्या काहींच्या पुढे लाल रंगात आकडे.

पावसाळा सुरू झाला की बाबांच्या पापण्या सुजायच्या. मान लाल व्हायची, कोपराच्या आतल्या घड्या सोलवटल्यासारख्या दिसायच्या, आणि खाज अशी की रात्री दोन-दोन वाजता पंख्याखाली उठून बसायचे. सलग तिसरं वर्ष होतं. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तेव्हा मीच मोबाइलवरून ते 'ॲलर्जी पॅकेज' मागवलं. घरी येऊन रक्त घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली. मला वाटलं, सुटलो.

पुढचे आठ महिने बाबांनी दुधी, वरण-भात आणि ज्वारीची भाकरी यावर काढले. वजन सहा किलोने उतरलं. पुतणीच्या हळदीला ते गेले नाहीत, कारण जेवणात काय असेल सांगता येत नाही, आणि चेहरा असा. एवढं करून पापण्या सुजायच्या त्या सुजतच होत्या.

शेवटी कल्याणला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी मोठ्या विश्वासाने तो अहवाल टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि बाबांना विचारलं, "काका, सकाळी फिरायला कुठे जाता?"

"नदीकडे. मोहन्यातून उल्हासपर्यंत जायचं आणि परत. रोज."

"शर्टाचं वरचं बटण उघडं असतं?"

"उकाडा असतो ना."

मग त्यांनी बाबांची हनुवटी वर करून खालची कातडी पाहिली. कान पुढे दुमडून मागची बाजू पाहिली. पापण्यांवर बोट फिरवलं. बनियन वर करून पोट आणि पाठ पाहिली, ती स्वच्छ होती. पंधरा-वीस मिनिटं नुसते प्रश्न: कोणत्या महिन्यात वाढतं, गावाला गेल्यावर कमी होतं का, घरात केस रंगवतात का, डोक्याला कोणतं तेल, पूर्वी काम काय करायचे. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "ही तपासणी चुकीची नाही. पण ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारी तपासणी नाही. सोमवारी या, पाठीवर पट्ट्या लावू."

रक्ताची तपासणी सोडून पाठीवर पट्ट्या? मला ते मागे जाण्यासारखं वाटलं. घरी येऊन मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता कळलं की ॲलर्जी शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास हा दोन वेगवेगळ्या इतिहासांचा आहे. आम्ही चुकीच्या इतिहासात शिरलो होतो.

बिब्बा उततो तेव्हा

आजीकडे ॲलर्जी हा शब्द नव्हता, पण 'बिब्बा उतणे' हा प्रयोग होता. टाचेच्या भेगांना, दुखऱ्या सांध्याला बिब्ब्याचं तेल लावायचं ही जुनी रीत. एकाला लावलं तर काही होत नाही. दुसऱ्याला दोन दिवसांनी फोड येतात, पाणी सुटतं, हात सुजून येतो. मग म्हणायचं, याला बिब्बा उतला. ज्याला एकदा उतला त्याच्या जवळपास पुन्हा बिब्बा न्यायचा नाही, हेही ठरलेलं.

नीट पाहिलं तर यात बरंच शहाणपण आहे. वस्तू तीच, पण एका शरीराला चालते आणि दुसऱ्याला नाही. त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो. आणि एकदा झाला की शरीर ते विसरत नाही.

या प्रकाराला नाव मिळालं १९०६ मध्ये, व्हिएन्नात. क्लेमेन्स फॉन पिर्के हे बालरोगतज्ज्ञ. घटसर्पावर तेव्हा घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष टोचत. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांच्या लक्षात आलं की काही मुलांना ते टोचल्यावर काही दिवसांनी ताप आणि पुरळ येतो, आणि तेच प्रतिविष दुसऱ्यांदा टोचलं तर हा त्रास फार लवकर येतो. म्हणजे पहिल्या भेटीने शरीराची वागण्याची रीत बदलली होती. 'वेगळं' आणि 'कार्य' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द बनवला. आज आपण तो कशालाही लावतो. मुळात त्याचा अर्थ एवढाच होता: बदललेला प्रतिसाद.

हा प्रतिसाद दोन वेगवेगळ्या वेगांनी येतो. एक मिनिटांत, दुसरा दिवसांत. तपासण्याही त्यामुळे दोन घराण्यांच्या झाल्या.

मिनिटांचं घराणं

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष मँचेस्टरचा चार्ल्स ब्लॅकली. ते होमिओपॅथीचे डॉक्टर होते आणि दर उन्हाळ्यात स्वतःच शिंकांनी हैराण व्हायचे. कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे वाळलेल्या गवताचा वास. ब्लॅकलींनी एकेक संशयित स्वतःवर तपासायला घेतला. हवेत किती पराग आहे ते मोजायला चिकट काचपट्ट्या लावल्या, उंचावरच्या हवेसाठी त्या पतंगाला बांधून उडवल्या. आणि हाताच्या कातडीवर ओरखडा काढून त्यावर गवताचा पराग ओला करून लावला. काही मिनिटांत तिथे खाज सुटली आणि गांध आली. दुसऱ्या हातावर तसाच ओरखडा होता, पण पराग नव्हता. तिथे काही झालं नाही. १८७३ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने छापलं.

आज दवाखान्यात हाताच्या आतल्या बाजूवर थेंब ठेवून बारीक टोकाने टोचतात, ती 'प्रिक टेस्ट' याच ओरखड्याची नात. पंधरा-वीस मिनिटांत गांध मोजतात. शेजारी एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा असतो आणि एक हिस्टामिनचा. पाण्याच्या थेंबाला गांध यायला नको, हिस्टामिनच्या थेंबाला यायलाच हवी. रुग्णाने ॲलर्जीची गोळी घेतलेली असेल तर हिस्टामिनची गांधही येत नाही आणि सगळी तपासणी वाया जाते. म्हणून ती गोळी आधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात.

पण कातडीत हे घडवतं कोण? १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात एक विलक्षण प्रयोग झाला. हाइन्झ क्युस्टनर यांना मासा चालत नसे. कार्ल प्राउसनिट्झ यांना चालत असे. क्युस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, प्राउसनिट्झनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला आणि तिथे गांध उठली. एकाची ॲलर्जी रक्तावाटे दुसऱ्याच्या कातडीत गेली होती. म्हणजे रक्तात काहीतरी आहे हे नक्की झालं. ते काय, हे कळायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी तो पदार्थ स्वतंत्रपणे शोधला. १९६८ मध्ये त्याला नाव मिळालं: आयजीई. आणि रक्तातलं एकेका पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजण्याची पहिली पद्धत १९६७ मध्येच स्वीडनमधून आली.

आमच्या फ्रिजवरचा कागद या घराण्याचा होता. कोळंबी खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणं, अंगावर पित्ताच्या गांधी उठणं, श्वास लागणं, अशा त्रासात ही तपासणी फार कामाची असते आणि तो त्रास अंगावर काढण्यातला नसतो, ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. पण इथेही एक अट आहे. रक्तात आयजीई सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख ठेवली आहे, एवढंच कळतं. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. कितीतरी लोकांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्ध थोडं आयजीई असतं आणि ते रोज मजेत चिक्की खातात. पोटात जंत असले तरी एकूण आयजीई वाढतं. म्हणूनच दीडशे पदार्थ एकदम तपासले की काहीतरी लाल निघतंच. बाबांना वांगं खाऊन आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. हा प्रश्न मात्र आम्ही कुणीच विचारला नव्हता, ना त्यांना ना स्वतःला.

याहून पुढची गोष्ट म्हणजे काही पॅकेजांमध्ये आयजीईऐवजी आयजीजी मोजतात. अन्नाविरुद्धचं आयजीजी बहुधा फक्त इतकंच सांगतं की तुम्ही तो पदार्थ खाता. युरोपातल्या ॲलर्जी अकादमीने २००८ मध्येच या तपासणीच्या आधारे निदान करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

दिवसांचं घराणं

दुसरं घराणं बिब्ब्याचं. त्याची तपासणी १८९५ मध्ये मांडली गेली, ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे भरलेल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत. योझेफ याडासोन यांनी सांगितलं की पाऱ्याच्या औषधाने ज्याच्या अंगावर पुरळ उठला होता अशा रुग्णाच्या निरोगी कातडीवर त्यांनी पाऱ्याचं मलम लावून झाकून ठेवलं, आणि बरोबर तेवढ्याच जागी पुरळ उठला. कल्पना साधी आहे. कातडीला जे घडलं ते छोट्या जागेत, आपल्या देखरेखीखाली पुन्हा घडवून पाहायचं. हीच 'पॅच टेस्ट'.

या प्रकारात रक्तातलं आयजीई काही करत नाही. १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्ल लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे तेच) आणि मेरिल चेस यांनी दाखवलं की गिनीपिगमध्ये ही मंद ॲलर्जी एका प्राण्यातून दुसऱ्यात न्यायची तर जिवंत पांढऱ्या पेशी न्याव्या लागतात. पेशींना खबर लागायला, जमायला, सूज आणायला एक-दोन दिवस लागतात. हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. क्षयासाठी हातावर टोचून 'दोन दिवसांनी दाखवायला या' असं सांगतात ती माँटू चाचणी याच वेगाची. तिच्याआधीची, ओरखड्यावर क्षयाचा अर्क लावण्याची चाचणी १९०७ मध्ये त्याच पिर्के यांनी काढली होती.

म्हणजे बाबांच्या पापण्यांचा त्रास जर या घराण्याचा असेल, तर रक्ताच्या त्या दीडशे आकड्यांत त्याचं उत्तर असणं शक्यच नव्हतं.

बिब्बा या इतिहासात पुन्हा येतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर आणि कमरेवर विचित्र पुरळ येऊ लागला. लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याचा छडा लावून लेख छापला. पुरळ बरोबर तिथेच होता जिथे परटाने कपड्यावर खूण केली होती. आपल्याकडे परीट ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत, कारण ती धुऊन जात नाही. आता अमेरिकेत 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल आहे, तिच्यातली द्रव्यं बिब्ब्यातल्या द्रव्यांची सख्खी भावंडं. गावाकडच्या वेलीने ज्यांचं शरीर आधीच बदललेलं, त्यांना परक्या देशातला बिब्बा पहिल्याच भेटीत उतला. या निदानाची सुरुवात एका निरीक्षणाने झाली: पुरळ कुठे आहे, आणि तिथे काय टेकतं?

आमच्या डॉक्टरबाई हनुवटीखाली आणि कानामागे हेच पाहत होत्या. उन्हाने होणारा त्रास हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापणीच्या घडीत सहसा येत नाही, कारण तिथे सावली असते. हवेतून उडत येणारी धूळ मात्र सावलीतही बसते. बाबांच्या सगळ्या सावलीच्या जागा लाल होत्या आणि बनियनखालची कातडी कोरी होती.

पुण्याचा उकिरडा

हवेतून येणाऱ्या अशा त्रासाचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धडा पुण्याने दिला आहे.

१९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना पुण्यात उकिरड्यावर एका अनोळखी झाडाची तुरळक रोपं दिसली. पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली, फुलं पांढरी, बारीक. आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतासाठी नवी वनस्पती म्हणून नोंद केली: पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ अमेरिका खंडातली. लोकांनी पांढऱ्या टोप्यांवरून त्याला काँग्रेस गवत म्हटलं, पानांवरून गाजर गवत. पुढच्या वीसेक वर्षांत ते देशभर पसरलं. एक झाड हजारो बिया टाकतं, जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि मोकळी पडलेली कुठलीही जमीन त्याला चालते.

ते आलं कसं, याचं उत्तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतं: पीएल ४८० च्या अमेरिकन गव्हातून. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पीएल ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, त्याखालचा भारताबरोबरचा करार ऑगस्ट १९५६ चा. उकिरड्यावरची रोपं १९५१ ची. त्याच वर्षी अमेरिकेकडून कर्जाऊ धान्यही आलं होतं, तेव्हा गव्हाबरोबर बी आलं असणं शक्य आहे. पण देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत याच वनस्पतीचा डायट्रिच ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला वाळवलेला नमुना आहे, आणि कलकत्त्याच्या बागेतल्या वनस्पतींच्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या यादीतही तिचं नाव आहे. म्हणजे झाड भारतात आधीही येऊन गेलं होतं. गव्हाची गोष्ट सगळ्यांना पटली, म्हणून कुणी तारखा तपासल्या नाहीत. आमच्या घरी वांग्याचं हेच झालं होतं.

गवत पसरलं तसे पुण्याच्या परिसरात त्वचेचे रुग्ण वाढले. शेतात, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर काम करणारे लोक. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या घड्या. पावसाळ्यात झाड जोमात आलं की जास्त. असा चेहरा पाहून लोकांनी काय काय म्हटलं असेल, त्याची कल्पना मला आहे. बाबांना लोकलमध्ये शेजारचा माणूस उठून गेलेला मी पाहिला आहे.

या रुग्णांवर पॅच टेस्ट करून गवतावर बोट ठेवणाऱ्यांत पुण्याचे डॉ. अरविंद लोणकर यांचं नाव पहिलं. व्हँकुव्हरचे मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये या विकारावर सविस्तर लेख लिहिला. तो लंडनच्या सेंट जॉन्स या त्वचारोग रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेच्या नियतकालिकात आला. पुढचा प्रश्न होता, झाडातलं नेमकं काय? १९७६ मध्ये लोणकर आणि पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले नागसंपगी व सहकारी यांनी झाडातल्या ॲलर्जी घडवणाऱ्या द्रव्यावर निबंध छापला. ते द्रव्य म्हणजे पार्थेनिन. झाडाच्या अंगावर जी बारीक लव असते तिच्यात ते भरलेलं असतं. झाड वाळलं की ही लव आणि पानांचा चुरा धुळीत मिसळतो आणि वाऱ्याबरोबर उडतो. म्हणजे माणसाने गवताला हात लावायचीही गरज नाही. बाबांनी कधी लावलाच नव्हता. या गवताच्या परागाने शिंका आणि नाक वाहणंही होतं, बंगळुरूच्या संशोधकांनी त्यावर बराच अभ्यास केला आहे. ते पहिल्या, मिनिटांच्या घराण्यातलं दुखणं. एकच झाड दोन्ही घराण्यांत वावरतं आणि दोन्हीकडे तपासणी वेगळी.

पेटीत जे नाही ते सापडत नाही

पॅच टेस्टची एक मर्यादा आहे. पाठीवर जे लावाल त्याचंच उत्तर मिळतं. युरोपातल्या डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणित पेटीत तिथल्या लोकांना भेटणाऱ्या वस्तू आहेत. आपल्याकडे वेगळ्या गोष्टी भेटतात. टिकलीच्या गोंदातलं एक द्रव्य कपाळावर पुरळ आणतं आणि कधी तिथला रंगच उडवतं. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधलं क्रोमियम, बाजारातल्या खोट्या दागिन्यांतलं निकेल, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी. दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरिचा आणि त्यांच्यानंतरच्या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी इथल्या रुग्णांवर वर्षानुवर्षं पॅच टेस्ट केल्या, आणि त्यातून भारतासाठीची प्रमाणित पेटी तयार झाली. त्या पेटीत पार्थेनियम आहे.

हवेचंही तसंच. कोणत्या महिन्यात हवेत काय उडतं हे ठाऊक नसेल तर डॉक्टर तपासणार काय? औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बुरशीचे कण पकडणारं यंत्र १९७० च्या सुमारास तयार केलं. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते देशात ठिकठिकाणी वापरलं गेलं. ब्लॅकलींच्या पतंगाचं हे आपलं रूप.

सोमवार, बुधवार, शुक्रवार

सोमवारी बाबांच्या पाठीवर दोन रांगांत छोट्या ॲल्युमिनियमच्या चकत्या चिकटवल्या, प्रत्येकीत चिमूटभर औषध. कडेने मार्करने खुणा केल्या. दोन दिवस आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही, खाजवायचं नाही. सप्टेंबरमधल्या मोहन्याच्या उकाड्यात हे सोपं नव्हतं. आई त्यांच्या मागे पुठ्ठ्याने वारा घालत बसायची.

बुधवारी चकत्या काढल्या. अर्ध्या तासाने पाहिलं तर एका जागी थोडी लाली. डॉक्टर म्हणाल्या, आज काही बोलणार नाही, शुक्रवारी या. शुक्रवारी ती जागा फुगली होती, बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. बाकी सगळ्या चकत्यांखालची पाठ सपाट. त्यांनी माझ्याच मोबाइलवर फोटो काढून आम्हाला दाखवला. "हे पार्थेनियम. दोन अधिक."

मी विचारलं, "म्हणजे नक्की?"

"पाठ म्हणते की यांना त्याची ॲलर्जी आहे. आत्ताचा त्रास त्यानेच आहे हे पाठ सांगत नाही, ते काकांनी पहिल्या दिवशी सांगितलं. नदीचा रस्ता, पावसाळा, उघडी कॉलर. दोन्ही जुळलं म्हणून नक्की."

मग त्यांनी तो जुना अहवाल उचलला, बाबांना एकेक पदार्थ विचारला. हे खाऊन कधी त्रास झाला होता? हे? हे? सगळ्याला नाही. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "आज घरी जाऊन काय खावंसं वाटतंय काका?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भरली वांगी."

त्या रात्री आईने केली. दाण्याचं कूट घालून.

ॲलर्जी गेलेली नाही, ती जात नाही. बाबा आता जून ते नोव्हेंबर नदीकडे जात नाहीत, स्टेशनच्या बाजूच्या डांबरी रस्त्याने जातात, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बटण लावून. आल्यावर तोंड-हात धुतात, कपडे बदलतात. मलम डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. गेल्या पावसाळ्यात एकदाच त्रास वाढला. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत कुणीतरी गवत वाळल्यावर कापून पेटवलं, तेव्हा. सोसायटीच्या बैठकीत बाबांनी उठून सांगितलं की हे गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढायचं, आणि ज्याला त्रास होतो त्याने त्या कामाला जायचं नाही. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडलेले, मुख्यतः हेच गवत खाणारे भुंगेरेही असतात, हे मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेही त्यांनी सांगितलं. लोक हसले, पण पुढच्या रविवारी आठ जण आले.

बाबा लांब, गच्चीवर उभे राहून वरून सांगत होते, कुठे राहिलंय ते.